असलेली जमीन

४ ऑक्टोबर १९९६

आजपासून मी ठाण्याची नोकरदार बाई. सांगोल्याहून निघताना आईने एकच गोष्ट दहादा बजावली, तोंड सांभाळ. नाव सुहासिनी ठेवलं आणि पोरगी कायम एरंडेल प्यायल्यासारखी, असं ती चारचौघांत सांगते. पण आज संध्याकाळी मावशीच्या आरशात पाहिलं तर मी चक्क हसत होते.

राहायला डोंबिवली पश्चिमेला, मालूमावशीकडे. काका वारल्यापासून ती एकटीच असते. तळमजल्यावर दोन खोल्या, दारात तगर आणि वारा फिरला की खाडीचा वास. मी नाकाला पदर लावला तर मावशी म्हणाली, आठवड्यात सवय होईल आणि महिन्यात त्या वासाशिवाय झोप यायची नाही.

ऑफिस नौपाड्यात. एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात बांधलेली बैठी स्लॅबची खोली, तिच्यात काचेची एक केबिन. केबिनमध्ये मालक बाबुरावसाहेब, बाहेर मी आणि पोपटराव. पोपटराव नगरकडचे, पन्नाशी उलटलेले. उभं आयुष्य शाईने नकाशे काढण्यात गेलं, आता प्लॉटर नावाचं नकाशे छापणारं यंत्र सांभाळतात आणि त्याला मनातून शिव्या घालतात. मी पदविकावाली, त्यात पुण्यात संगणकावर नकाशे करायचा नवा प्रोग्राम शिकलेली, म्हणून मला घेतलं. संगणक नवाकोरा आहे. साहेबांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि मला पेढा दिला. माणूस बरा वाटला.

७ ऑक्टोबर

काम कळलं. मावशीला समजावताना मलाच गंमत वाटली, म्हणून इथेही लिहिते.

मोजणीवाले जागेवर जाऊन ठिकठिकाणची उंची घेतात. समुद्राची पातळी शून्य धरायची आणि जमीन तिच्यावर किती मीटर ते लिहायचं. ते आकडे मी संगणकाला भरवते. मग प्रोग्राम त्या बिंदूंमध्ये त्रिकोण विणत जातो आणि पडद्यावर जमिनीचं कातडं तयार होतं. त्याला सरफेस म्हणायचं आणि त्याला नाव द्यायचं. जी जमीन आज तिथे आहे ती 'ईजी', म्हणजे असलेली जमीन. भराव टाकून जी तयार करायची ती 'एफजी', म्हणजे करायची जमीन. नंतर माउसने हवी तिथे टिचकी मारली की त्या जागची उंची लिहिलेली चिठ्ठी येऊन चिकटते. तिला लेबल म्हणतात. हे लेबल जिवंत असतं, जमीन बदलली की त्याचा आकडा आपोआप बदलतो. पोपटरावांना हे काही पटलेलं नाही. हातानं लिहिलेला आकडा घरमालकासारखा बसून राहतो, म्हणाले, हा तुमचा आकडा भाडेकरू, कधी उठून जाईल नेम नाही.

पहिलंच काम तिवरपाड्याचं. मावशीच्या घरापासून चालत जाता येतं. खाडीच्या बांधाआड कोळ्यांची थोडी घरं आहेत, भोवती खाजण, म्हणजे खाऱ्या चिखलाची जमीन. ती सगळी जागा पाड्यासकट एका बिल्डरने घेतली आहे. शीळफाट्याकडच्या डोंगरातला तांबडा मुरूम आणून भराव टाकायचा आणि वर इमारती. पाडा आहे सव्वादोन मीटरवर, भराव जाणार साडेचारपर्यंत. पाड्यातल्या माणसांचं काय, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, त्यांना वर पक्की घरं मिळणार. मी बरं म्हटलं आणि आकडे भरायला घेतले.

११ ऑक्टोबर

मावशीच्या दारावर एक दिवसाआड मासळी घेऊन मनुबाई येते. तिचा आवाज काय वर्णावा! गल्लीच्या तोंडाशी ती ओरडली की मावशीच्या मांडणीतल्या वाट्या वाजतात. ती तिवरपाड्याचीच निघाली. मी तिच्या पाड्याचा नकाशा करते हे कळल्यावर तिने पाटी खाली ठेवली आणि माझी झाडाझडतीच घेतली. तुमची मान्सं भरतीची रेघ मारून गेली, म्हणाली, पन ती आली तवा भांग व्हता. भांगातली रेघ ती काय रेघ गो पोरी?

मी पोट धरून हसले. साहेबांची माणसं भर दुपारी भांग पिऊन मोजणीची दुर्बीण लावून उभी आहेत, हेच चित्र डोळ्यांपुढे येत होतं. मनुबाई माझ्याकडे बघत राहिली. मग मावशीला म्हणाली, तुझी भाची घाटावरची दिसतंय. आणि जाताना माझ्या हातावर दोन चिंबोऱ्या फुकट ठेवून गेली.

१२ ऑक्टोबर

भांगेचा किस्सा ऑफिसात सांगितला. पोपटराव खूप हसले. साहेब केबिनमधून बाहेर आले, पण हसले नाहीत. कोण बाई, कुठली, नाव काय, एवढं विचारलं. मी भाबडेपणाने नाव सांगून टाकलं. मग ते हसले, पण फार उशिरा.

१८ ऑक्टोबर

मी गाढव आहे. घाटावरची गाढव.

आज मनुबाईने पायरीवर बसून मला नीट समजावलं. भांग म्हणजे प्यायची भांग नव्हे. अष्टमीच्या आसपास खाडीला पाण्याचा जोर नसतो, भरती अर्ध्यातूनच परत फिरते. त्या पाण्याला भांग म्हणतात. अमावास्या-पुनवेचं पाणी ते उधाण. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. भरतीचं पाणी पोचतं त्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही असा कायदा आहे. साहेबांनी पंचांग बघून भांगाचा दिवस निवडला आणि रेघ खाली मारून घेतली. उधाणाला पाणी पाड्याच्या अंगणापर्यंत येतं, तिथे त्यांनी कोरडी जमीन दाखवली. आधी भोवती भराव पडला की येणारं पाणी सगळं पाड्यातच तुंबणार. मनुबाईचा नवरा नामा याने सरकारात अर्ज केला आहे.

ती जीव तोडून सांगत होती, मी दात काढत होते, आणि वर जाऊन तिचं नाव साहेबांच्याच हातात दिलं! दिवसभर अंगाची लाहीलाही होते आहे. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुझं काम आकडे भरायचं, पाणी मोजायचं नाही.

२२ ऑक्टोबर

आज भांडले. आई, तोंड नाही सांभाळता आलं.

नामाच्या अर्जामुळे वरून विचारणा झाली आहे, जागेची खरी उंची दाखवा. साहेबांनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसून सांगितलं, ईजी पुसून टाक आणि एफजीचं नाव ईजी कर. म्हणजे करायच्या जमिनीलाच असलेली जमीन म्हणायचं. पाडा कागदावर साडेचार मीटरवर गेला की भरतीरेषेचा प्रश्नच मिटला. मी म्हटलं, अजून मुरमाची एक पाटी पडलेली नाही तिथे. साहेब म्हणाले, आज ना उद्या पडणारच आहे. उद्याची जमीन आज लिहिली तर काय आभाळ कोसळलं? मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, नाव बदलणं म्हणजे खोटं नव्हे, लग्नात बायकांची बदलतात. शेवटी म्हणाले, जमत नसेल तर सांगोल्याची गाडी खोपटच्या एसटी डेपोतून सुटते.

मी केलं. दात-ओठ खात केलं, पण केलं. जुनी ईजी स्वतःच्या फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि मग पुसली. नाव बदललं. मनुबाईच्या घराच्या चौकोनात टिचकी मारली. क्षणभर सव्वादोन दिसल्यासारखं वाटलं, मग लेबल बसलं. साडेचार. तिच्या कौलांच्याही वर.

२५ ऑक्टोबर

मनुबाई आली. ओरडली नाही. दारात उभी राहिली तेव्हा कळलं, आली आहे.

मावशीने बोंबील घेतले आणि चिरताना मला हाक मारली. प्रत्येकाच्या पोटात तांबडा मुरूम भरलेला. खाडीतला चिखल काळा असतो, हे मलाही आता कळतं. मावशीने मनुबाईला फसवणुकीबद्दल वाटेल ते सुनावलं. मनुबाई उलट एक शब्द बोलली नाही, आणि ती उलट बोलत नाही हेच मला ठीक वाटेना. तिच्या केसांच्या मुळाशी, कानांच्या पाळीत तांबडं बसलं होतं.

२९ ऑक्टोबर

आज ती बोलत होती, पण गोधडीखालून बोलावं तसा आवाज येत होता. मी दोनदा काय, काय म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा कळलं. म्हणाली, पाड्यात सगल्यांनाच असं झालंय. भात गिलताना दातांखाली खडे लागतात. श्वास वरपर्यंत येत नाय. नामा खाटेवरून उठत नाय, खोकला की तांबडी माती पडते. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, फोटो कोराच आला.

मग तिने माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, तुमी काय केलंव?

 भराव अजून सुरूच झालेला नाही, एवढंच खरं बोलले. ती म्हणाली, ता आमाला पन दिसतंय.

२ नोव्हेंबर

सुट्टी होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवून तिवरपाड्याला गेले. दुपारचं लख्ख ऊन.

बांधावर उभी राहिले तोवर सगळं ठीक. वारा होता, ताडांचे शेंडे सळसळत होते. पण त्याच ताडांच्या बुंध्यापाशी वाळलेलं गवतसुद्धा हलत नव्हतं. एका ठरावीक उंचीच्या खाली वाराच नव्हता. मी बांध उतरले. चार पावलांत छातीवर कुणीतरी हात दाबून धरल्यासारखं झालं. रांजणाभोवती पोरं होती, पळत नव्हती, पाण्यातून चालावं तशी रेटून चालत होती. एका कोंबड्याने मान ताणून चोच उघडली. बांग आली नाही.

मनुबाईने मला अंगणात पाहिलं आणि हातानेच परत जा म्हणून खुणावलं. मी वर बघितलं. तिच्या घराच्या कौलांच्या जरा वर दोन कावळे होते. उडत नव्हते. काहीच नव्हतं तिथे, फांदी नाही, तार नाही. आणि ते चालत होते. मान हलवत, काहीतरी टिपत, अंगणात चालावेत तसे आमच्या डोक्यांवरून चालत पलीकडे गेले.

कशी परत आले आठवत नाही. बांधावर आल्यावर ओकले. तांबडं.

४ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, खाडीकाठची हवा घाटावरच्या माणसाला मानवत नाही. मी टेबलावर हात आपटला. त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, टेबलाला ओरखडा पडतो म्हणून.

दुपारी ते जेवायला गेले तेव्हा माझी फ्लॉपी लावली. जुनी ईजी उघडली. सगळ्या बिंदूंवर साडेचार. फ्लॉपी माझ्या पर्समधून एकदाही बाहेर निघालेली नव्हती. पोपटरावांकडून मोजणीचे मूळ आकडे मागितले, तर ते साहेबांनी नेले. मग आठवून आठवून हाताने भरले. सव्वादोन लिहायची, एन्टर दाबलं की साडेचार. पुन्हा लिहायची. पुन्हा साडेचार. शेवटी मी त्या पडद्याला अशी शिवी घातली की पोपटराव उठून बाहेर गेले.

पुन्हा जागा मोजायची म्हटलं, तरी दुर्बीण आता काय दाखवेल? जे आहे तेच दाखवेल ना. आणि काय आहे ते आम्ही लिहून बसलोय.

१३ नोव्हेंबर

दिवाळीचे दिवस ऑफिसला कुलूप. मनुबाई आलीच नाही. मावशीने फराळ पुढ्यात ठेवला, तो मला गिळेना. भाऊबिजेला फटाके वाजत होते आणि मी कान लावून बसले होते, गल्लीच्या तोंडाशी एक आरोळी ऐकू येते का म्हणून.

आज ऑफिस उघडलं. साहेबांनी पेढे वाटले. तिवरपाडा मंजूर. वरून आलेलं पत्रही दाखवलं, जागा पूर्वापार साडेचार मीटर उंचीची असल्याचे दिसून येते. पूर्वापार! मी पेढा टेबलावर ठेवला. घे, म्हणाले, तुझ्या हातचं काम आहे.

१६ नोव्हेंबर

आज साहेबांनी गिऱ्हाइकांना जागा दाखवायला नेलं. नकाशा धरायला मला नेलं.

जीप बांधापाशी थांबेल असं मला वाटलं. थांबली नाही. सरळ पुढे गेली. घरांवरून. मी ओरडले, तर ड्रायव्हरने वळून बघितलं, विचारलं, ताई, उंदीर आला का पायाखाली?

सगळे उतरले. मीही उतरले. पायांखाली टणक मुरूम, भरावाची एकही गाडी आलेली नसताना. सपाट, तांबडा, कडेपर्यंत. घरं नाहीत. ताडांचे बुंधे जमिनीत रुतल्यासारखे आखूड झालेले. एक बाई म्हणाल्या, किती मोकळं मोकळं आहे नाही! साहेब हात लांब करून दाखवत होते, इथे बगिचा, इथे मुलांना झोपाळे. ते जिथे उभे होते तिथे नकाशावर मनुबाईचं घर आहे. त्या चौकोनात टिचक्या मारमारून तो मला पाठ झाला आहे.

मी खाली बसले. चप्पल नीट करते असं दाखवलं. हात जमिनीला टेकला.

खालून कुणीतरी ठोकत होतं. भांड्याने. थांबून थांबून.

मी साहेबांना म्हटलं, खाली माणसं आहेत. गिऱ्हाइकांसमोर. ते हसून म्हणाले, आमच्या मॅडम भावनाप्रधान आहेत. मग जीपमध्ये माझा दंड धरून हळूच म्हणाले, आवाज केलास तर लक्षात ठेव, ईजीच्या नकाशावर तुझी सही आहे. माझी नाही.

मला रडू आलं नाही. लिहून ठेवते. एक थेंबही नाही. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

१८ नोव्हेंबर

सापडलं.

प्रोग्रामबरोबर शिकण्यासाठी एक टेकडी येते, परदेशात कुणीतरी मनाने रचलेली. वैतागून मी तिचंच नाव ईजी ठेवायला गेले. पडद्यावर प्रश्न आला: हे नाव वापरात आहे. तिथून काढून इथे द्यायचे? हो म्हटलं. आणि तिवरपाड्याची लेबलं — सगळी, एकदम — सव्वादोन, सव्वादोन, दोन वीस, सव्वादोन —

म्हणजे नाव एकच आहे. एका वेळी एकाच जमिनीला. ते दुसरीकडे गेलं की पाडा सुटतो.

हाताने तोंड दाबून धरलं, नाहीतर ओरडले असते. पण दहा-बारा श्वास झाले असतील नसतील, आकडे परत चढले. ती टेकडी पृथ्वीवर कुठेच नाही. तिथे नाव टिकत नाही. नावाला खरी जमीन लागते. खरी, मोजलेली, जिच्यावर आपण उभं राहू शकतो अशी.

म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर.

घरी आल्यावर मावशीला विचारलं, मनुबाई? मावशी म्हणाली, कोण मनुबाई? मग स्वतःच दचकली. म्हणाली, अगं हो, ती — आणि पुढचं तिला आठवेना.

१९ नोव्हेंबर

कुणाच्या डोक्यावर. रात्रभर हाच विचार. रिकामी जागा शोधत होते. माळ, टेकडी, काहीही. पण तिथेही गुराखी असेल, ससा असेल, विहीर असेल. मी कोण त्यांना गाडणारी?

आणि मग सकाळी ऑफिसच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मनातल्या मनात म्हटलं, अगं बये, हे काय समोरच आहे.

साहेब बाहेर होते. पोपटरावांना म्हटलं, तुमची जुनी दुर्बीण काढा, हात साफ करू. अंगणाचे चार कोपरे, खोलीचे चार कोपरे मोजले. पट्टी धरून उभे असताना त्यांनी विचारलं, कशाला गं पोरी? मी सांगितलं. सगळं. त्यांनी वेड्यात काढलं नाही. म्हणाले, परवा तिवरपाड्याचा नकाशा छापताना प्लॉटरच्या शाईत खडे आले होते. मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, म्हणून बोललो नाही.

हद्द नीट घातली. बंगला बाहेर. रस्ता बाहेर. शेजारचं पेरूचं झाडही बाहेर. आत फक्त ही खोली. वर एक सपाट कातडं, स्लॅबच्या बरोबरीने.

पोपटराव म्हणाले, बटण दाबायचं आणि पळायचं. मीही तेच ठरवलं आहे.

२० नोव्हेंबर, दुपार

पोपटरावांना पार्सल देऊन खोपटच्या डेपोत पाठवलं. जात नव्हते. ओरडून पाठवलं. पार्सलमध्ये काही नाही, जुनी वर्तमानपत्रं.

साहेब केबिनमध्ये. फोनवर. दुसऱ्या पाड्याचं बोलणं चालू आहे, खाडीच्या पलीकडचा. भांग कधी आहे ते विचारताहेत.

बरं झालं ऐकलं. 

या खोलीवरच्या कातड्याला ईजी नाव दिलं. प्रश्न आला. हो म्हटलं.

तिवरपाडा सव्वादोन. मनुबाईच्या चौकोनात टिचकी मारली — सव्वादोन.

आता सेव्ह. सेव्ह केल्याशिवाय टिकणार नाही हे माहीत होतं. पण एवढा वेळ — संगणक नुसता घरघरतो आहे. पडद्यावर रेघ हळूहळू पुढे. आणि खाली लिहिलं आहे, संपल्यावर जुन्या फाइलवर लिहायचे का, ते विचारले जाईल. हो असल्यास वाय दाबावा. उत्तर न दिल्यास जुनीच राहील.

म्हणजे कुणीतरी बसून राहायला हवं.

पोपटरावांना पाठवलं ते बरं केलं.

रेघ निम्म्यावर. पंखा फिरतो आहे पण वारा लागत नाही. पाय जड. टेबलाखाली बघितलं नाही. बघणार नाही.

साहेबांनी बेल वाजवली. आवाज गोधडीखालून. दार ढकलताहेत. दार उघडत नाही. काचेतून दिसताहेत — माझ्याकडे बघताहेत — तोंड हलतं आहे — ऐकू येत नाही. ऐकायचं नाही.

मला भीती वाटते आहे. वाटते आहे, लिहून ठेवते. पण राग जास्त आहे अजून. रागानेच बसले आहे.

दातांखाली खडे

कंबरेपर्यंत — पेन नीट धरता — एक हात कीबोर्डवर ठेवला आहे, वायवर, तो आता हलवायचा नाही

रेघ थोडी उरली

काच फुटली आतून. मुरूम आला बाहेर, ते नाही आले

आई तोंडात

विचारलं. वाय की एन विचारलं. बोट हललं— दाबलं—